दिव्याचा रकाना

सह्यजाल टेलिनेटचा शेअर आठ दिवसांत चारशे बारावरून दोनशे अडुसष्टवर आला, आणि मुरबाडच्या रविवारच्या गटात त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे वेळेवर हजर झाले.

गट म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. बाजारपेठेत खत-बियाण्यांच्या दुकानावर एक खोली होती. आठवडाभर संध्याकाळी नम्रता तिथे नववी-दहावीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घ्यायची, आणि रविवारी सकाळी त्याच बाकांवर मोठी माणसं बसून शेअरांचा अभ्यास करायची. पैसे एकत्र करायचे नाहीत, ज्याने त्याने आपल्या मोबाइलवरून आपल्या खात्यात घ्यायचं, पण घेण्याआधी कंपनी सगळ्यांनी मिळून वाचायची, एवढाच नियम. वाचून दाखवायचं आणि समजावून सांगायचं काम नम्रताचं. ती शाळेत विज्ञान शिकवत होती, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होती, आणि तिला ताळेबंदातले आकडे बघून घाबरायला होत नसे. तेवढ्यावर गटाने तिला मॅडम करून टाकलं होतं.

तिने नेहमीसारखा फळा पुसला, वरच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि खडू हातात धरून उभी राहिली. लिहायचं काय ते तिला शुक्रवारपासून माहीत होतं. लिहिलं मात्र काहीच नाही.

"बाई, माजा जावय बोलतो, कंपनीच बुडाली," धाकलूभाऊंनी सुरुवात केली. "खरं का ते?"

धाकलूभाऊ खर्डीकडचे. महामार्गात त्यांच्या जमिनीचा एक तुकडा गेला, त्याचे पैसे आले, आणि गावातल्या बाकीच्यांच्या गाड्या आल्या तेव्हा भाऊंनी ते बँकेत मुदतीवर ठेवले. त्यातली थोडी रक्कम काढून त्यांनी सह्यजाल घेतला होता. शहापूरहून किन्हवलीमार्गे मोटारसायकलवर यायचे, आणि आल्यावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसायचे, एखाद्या नातवाला घ्यावं तसं.

"बुडाली नाय ओ भाऊ," आदेश म्हणाला. "ऑपरेटरचा गेम हाय. वरती नेला, पब्लिकला चढवलं, आता खाली आणून परत गोळा करतात. सीधी बात."

आदेश नम्रताचा जुना विद्यार्थी. रोज कल्याणला एका फायनान्स कंपनीच्या ऑफिसात जायचा, आणि तिथे चहाच्या टपरीवर ऐकलेलं सगळं रविवारी इथे आणायचा.

"तुजा हा ऑपरेटर कोणी कधी बघितलाय का रे?" संजीवनीताईंनी विचारलं. "पडलं की ऑपरेटर. आणि चढलं की आदेशची हुशारी."

"ताई, तो दिसत नाय, तोच तर ऑपरेटर."

"मंग माज्या दुकानातला उंदीर पण ऑपरेटरच. तो पण दिसत नाय, पोती तेवढी फाटतात."

सगळे हसले. संजीवनीताईंचं धसईला भाताचं दुकान होतं, आणि कुठलीही कंपनी त्या शेवटी भाताच्या मापाने मोजायच्या. "माझं ऐका," त्या म्हणाल्या. "आता झोडणी झाली, घराघरातनं माल बाहेर आला. ज्याला थांबायची सोय हाय तो माघापर्यंत थांबतो. ज्याला नाय, तो मिळेल त्या भावात टाकतो, आणि त्याच्यापायी सगळ्यांचा भाव पडतो. इथंपण तसंच. कुठल्यातरी मोठ्या गिऱ्हाइकाला नड आली असंल, त्यानं ओतला माल. कंपनीचा काय दोष?"

"आणि जावय बोलतो चीनवरून स्वस्त डबे आले," धाकलूभाऊ म्हणाले.

"जावई काय करतात तुमचे?" आदेशने विचारलं.

"वडापाव."

पुन्हा हसू. नम्रताही हसली, उशिराने.

दाराजवळच्या बाकावर लहानी बसली होती. ती हसली नाही. ती क्वचितच हसायची आणि त्याहून क्वचित बोलायची. धसईच्याही वर डोंगराच्या अंगाला तिची वाडी. आशाताईचं काम करायची. पाच-सहा वाड्यांतली बाळंतपणं, लसी, तापाची औषधं, आणि वर्षभर चालणारे सरकारी सर्वे. तिने सह्यजालचे पंधराच शेअर घेतले होते. ते घेताना तिने नम्रताकडून मोबाइलवरचं प्रत्येक बटण आधी वहीत लिहून घेतलं होतं.

"बाई," धाकलूभाऊ म्हणाले, "मला तं एकच दिसतं. आमच्याकडं रस्तेवाल्यांनी खोदता खोदता ती नेटची केबल तीनदा तोडली. सह्यजालची पेटी पंचायतीच्या भिंतीवर हाय, पण मागं वायर हाय का नाय कोणाला ठाव? त्याच्यामुळं तं नसंल पडला?"

नम्रताने खडू दुसऱ्या हातात घेतला.

"भाऊ, एका गावची केबल तुटली म्हणून मुंबईत शेअर पडत नसतो," आदेश म्हणाला.

"एका गावची कशाला? तीन गावची तं मीच सांगतो."

"तीन गावं म्हंजे काय ओ भाऊ, देशात लाखो गावं हायत."

आणि विषय तिथून सुटला. नम्रताला बरं वाटलं. बरं वाटलं हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने पाठ फिरवून फळ्यावरची तारीख विनाकारण परत एकदा गडद केली.

कारण भाव का पडला, ते सोपं होतं. सह्यजाल टेलिनेट राउटर आणि फायबरच्या पेट्या बनवायची. गावोगावच्या ग्रामपंचायतींना इंटरनेट देण्याचं मोठं सरकारी काम तिला मिळालं होतं. कंपनीच्या वार्षिक अहवालातच लिहिलेलं होतं, की पेटी बसवली म्हणून पैसे मिळत नाहीत. जोडणी चालू झाल्याचा दाखला मिळाला की मिळतात. विक्री मात्र पेटी बसली की वहीत धरली जायची. आठ दिवसांपूर्वी तिमाहीचे आकडे आले. विक्री वाढलेली, पण पैसे आलेले नाहीत. मोठ्या गुंतवणूकदारांनी फोनवरच्या बैठकीत कंपनीच्या अधिकाऱ्याला तिथल्या तिथे धरलं, तेव्हा त्याने सांगून टाकलं, की ग्रामीण टप्प्यातल्या साधारण सत्तर टक्के ठिकाणी पेट्या आहेत, पण चालू नाहीत. ते सगळं बोलणं छापील स्वरूपात शुक्रवारी नम्रताने वाचलं. मग कपाटातून गटाने एप्रिल-मेमध्ये केलेल्या सर्वेचे कागद काढून तिने भागाकार केला. चौतीस पेट्या, अकरा चालू. तेवीस बंद. अडुसष्ट टक्के.

तिच्या उभ्या आयुष्यात इतकं बरोबर आलेलं निरीक्षण दुसरं नव्हतं. आणि ते तिने स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं.

एप्रिलमध्ये सर्वेची कल्पना तिचीच. ती म्हणाली होती, मुंबईतले लोक कागदावर कंपनी बघतात, आपण भिंतीवर बघू. कंपनीच्या पेट्या आपल्याच ग्रामपंचायतींच्या भिंतींवर लागताहेत. मुरबाड आणि शहापूर मिळून सदतीस गावं निवडू, ज्याने त्याने आपल्या बाजूची बघायची. तिने तक्ता आखून त्याच्या प्रती वाटल्या: गाव, तारीख, वेळ, पेटी आहे का, पेटीवरचा हिरवा दिवा लागलेला आहे का. शेवटचा रकाना तिने अहवाल वाचून मुद्दाम घातला होता. दिवा म्हणजे जोडणी, जोडणी म्हणजे पैसे.

कागद परत आले ते मे महिन्यात. बाकीच्यांनी मिळून तेवीस गावं केली होती, बहुतेकांनी रविवारी. रविवारी पंचायत बंद, म्हणून खिडकीतून डोकावून बघितलेलं. लहानीने एकटीने चौदा केली होती, तीही कामाच्या दिवशी, लसीकरणाच्या फेऱ्या करता करता, आत जाऊन. रकान्यांच्या बाहेर समासात तिने बारीक अक्षरात जास्तीचं लिहिलं होतं. 'लाइट हाय. पंखा फिरतो. पेटी हाय. दिवा नाय.' चौदापैकी तेरा गावांत पेटी. दोन गावांत दिवा.

सर्वे पूर्ण व्हायच्या आधीच नम्रताने स्वतः तो शेअर घेतला होता. तिने दिव्याच्या रकान्याची बेरीज करून बघितली, आणि तिच्या मनाने लगेच कारणं पुरवली. उन्हाळा आहे, वीज जाते. रविवारी कार्यालय बंद असतं, मेन स्विच बंद असणार. खिडकीतून नीट दिसत नाही. निरीक्षणाच्या अटी सगळीकडे सारख्या नाहीत, तेव्हा हा रकाना भरवशाचा नाही. हे वाक्य शास्त्रीय होतं, आणि म्हणूनच ते तिला फार आवडलं. रकाना भरवशाचा नसेल तर परत जाऊन बघायचं असतं, हे ती दर वर्षी दहावीच्या मुलांना सांगायची. आणि लहानीच्या समासात वीजही होती, पंखाही होता. कामाच्या दिवशी आत जाऊन बघितलेले दिवे सुट्टीच्या दिवशी खिडकीतून बघितलेल्यांपेक्षा कमी होते. तिची सगळी कारणं त्या एका समासाने खोडून काढली होती. नम्रताने तो समास वाचला होता. दोनदा.

मग तिने संगणकावर नवा तक्ता केला. गाव, तारीख, पेटी. सदतीसपैकी चौतीस. खाली एक स्तंभालेख.

जूनमध्ये तो तिने भिंतीवर लावला तेव्हा खोलीत एक प्रकारची खुशी पसरली होती. धाकलूभाऊ म्हणाले, "असं तं मुंबईवाल्यांकडं पण नसंल." फक्त दाराजवळून लहानीने विचारलं, "बाई, दिव्याचा रकाना कुठं गेला?"

नम्रता म्हणाली होती, "त्यातल्या रीडिंगमध्ये जरा गडबड होती."

"लहानीताई, दिवा बघायला चष्मा लागतो," आदेश म्हणाला होता, आणि सगळी खोली हसली होती. आणि नम्रता, जिने ते अक्षर न् अक्षर वाचलं होतं, तीही हसली होती. खूप नाही. ओठांच्या कडेने, विषय पुढे सरकावा इतपत.

"मॅडम, तुमी आज कायच नाय बोलत," आदेश म्हणाला. "थिअरी काय तुमची?"

"मी... वाचतेय अजून," नम्रता म्हणाली.

"वाचायला हवंच. पण टाइम नाय आता. माझं मत सांगू? ही सेल लागलीय. चारशेला घेतला तो दोनशे अडुसष्टला मिळतो. आता घेतला तर ॲव्हरेज खाली येतो. परत साडेतीनशे दिसला की आपण सुटलो. घाबरून विकणारे मूर्ख."

"हे पटतं," संजीवनीताई म्हणाल्या. "भात पडलं की मी साठवतेच."

धाकलूभाऊंनी हेल्मेट खाली ठेवलं. "मी पन तेच मनात धरून आलू. मुदतीची एक पावती गुरवारी मोकळी व्हतेय. मालकीण बोलते, परत ठेवा बँकेत. पन मी बोल्लू, आधी बाईंना विचारतो. बाईंनी पेट्या मोजल्यात. बाई बोलल्या घ्या, तं घेतो. नाय बोलल्या, तं नाय."

ते असं काही भार टाकून बोलले नव्हते. बसची वेळ विचारावी तसं विचारलं होतं. नम्रताला उत्तर सोपं होतं: आत्ता घेऊ नका, थोडं थांबू. एवढं म्हटलं तरी भाऊंची पावती वाचत होती. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. तिने तोंड उघडलंही.

तेवढ्यात लहानी उठून उभी राहिली. शाळेत उत्तर द्यायला उभं राहावं तशी.

"माजंच चुकलं असंल," ती म्हणाली.

"तुजं काय गो?" संजीवनीताई म्हणाल्या.

"सर्वे. चौदा गावं मी केलती. बाई तवाच बोलल्या गडबड हाय. दिवा मला बघता आला नाय, तं पेटी तरी नीट बघितली का? पेट्या कमी असतील. मीच जास्ती लिवल्या असतील. तुमी सगळ्यांनी त्याच्यावर पैसं घातलं."

"अरे हां," आदेश म्हणाला. त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता, कोडं सुटल्याचा आनंद होता. "म्हंजे डेटाच गंडला. सदतीसमधली चौदा म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के. मॅडम, तेवढा भाग बाजूला काढून परत बघायला पायजे."

"लहाने, तू आत जाऊन बघितलंवतंस ना पन?" धाकलूभाऊंनी विचारलं.

"आत गेलते. पन आता माजाच मला भरवसा नाय. परवा बाळाचं वजन केलं तं तीन वेळा केलं." ती खाली बसली. "त्या दिसापासनं मी सगळंच दोनदोन वेळा करते."

नम्रताच्या कानशिलांत ऊब चढली. तिला वाटलं आपला चेहरा बहुतेक लाल झाला असेल, आणि लगेच वाटलं, कोणी बघत नाहीये. सगळे लहानीकडे बघताहेत. तिच्याकडे बघण्याचं कोणालाच कारण नव्हतं. आणखी दोन मिनिटं गप्प राहिलं असतं तर गट लहानीला माफ करून मोकळा झाला असता. संजीवनीताईंनी तर सुरुवातही केली होती. "जाऊ दे गो, माणूस हाय, चुकतं. तू काय मुद्दाम केलंस?"

"तो रकाना काढला गेला," नम्रता म्हणाली.

कोणाला नीट ऐकू गेलं नाही. "काय मॅडम?"

"दिव्याचा रकाना. तक्त्यातून. तो काढला गेला, पण लहानीच्या निरीक्षणात चूक होती म्हणून नाही." आपण वाक्य कसं रचलं ते तिला ऐकू आलं. प्रयोगवहीत लिहितात तसं. द्रावण ढवळले गेले. तिने खडू फळ्याच्या पट्टीवर ठेवला. "मी काढला. लहानीची नोंद बरोबर होती. सगळ्यात बरोबर तिचीच होती."

मग तिने बाकीचं सांगितलं. पिशवीतून कागद काढले. ते तिने घरून निघताना घेतले होते, का ते स्वतःलाही न सांगता. चौतीस पेट्या, अकरा दिवे. अहवालात काय लिहिलं होतं, ते तिने केव्हा वाचलं होतं. अधिकारी काय बोलला. भाव का पडला. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. तिच्या आवाजात कंप नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली; शिकवताना यायचा तसाच तो आवाज येत होता, नीट, मुद्देसूद.

खाली दुकानात कोणीतरी पोतं टाकल्याचा आवाज आला.

"म्हंजे," धाकलूभाऊ सावकाश म्हणाले, "कारन आपल्याकडंच व्हतं. मे महिन्यात."

"हो."

"आणि आमी इथं बसून चीन नि ऑपरेटर करतू."

"हो, भाऊ."

"पन का काढलात?" संजीवनीताईंनी विचारलं. त्यांच्या आवाजातली चेष्टा पार गेली होती. "तुमाला कोणी सांगितलं व्हतं का? कंपनीवाल्यांनी?"

नम्रताला क्षणभर वाटलं, कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. "नाही. मी आधीच घेतला होता. मग आकडे आले. मला ते नको होते. आणि तक्ता छान दिसत होता. तुम्हा सगळ्यांना दाखवायचा होता."

आदेश इतका वेळ टेबलाच्या कडेकडे बघत होता. "मॅडम," तो म्हणाला, "दहावीला मी लंबकाचं रीडिंग जुळवलेलं. आठवतं? तुमी जर्नलचं पान फाडलंत. सगळ्या वर्गासमोर. बोल्लात, चुकलेलं चालेल, जुळवलेलं चालणार नाय."

"आठवतं."

"मी अजून सांगतो ऑफिसात ते. कौतुकानं सांगतो." तो उठला. मोबाइल खिशात घातला, परत काढला, परत घातला. "माझे अडीचशे शेअर हायत, मॅडम. दिवा नाय असं मला कळलं असतं तर मी पंचवीस पण घेतले नसते. एवढंच." दारापर्यंत गेल्यावर तो लहानीजवळ थांबला. तिला काहीतरी म्हणावं असं त्याच्या मनात असावं, पण चष्म्याचा विनोद त्याचाच होता, आणि तो आता कसा परत घ्यायचा ते त्याला कळलं नाही. "येतो ताई," एवढंच म्हणून तो जिना उतरला.

धाकलूभाऊ कागद बघत होते. त्यांनी आपल्या गावांच्या ओळी शोधल्या. त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं: पेटी हाय, दिवा, आणि पुढे फुली. "मीच लिवलंवतं की," ते म्हणाले. "आणि मीच इसरलू. तुमचा छापील कागद बघितला नि आपला इसरलू." त्यांनी कागद परत ठेवला. "गुरवारची पावती बँकेतच ठेवतो मंग."

"हो. ठेवा."

"ते तुमी आज नायतरी सांगितलं असतंत ना, बाई? घेऊ नका म्हणून?"

"सांगितलं असतं," नम्रता म्हणाली. मग तिला वाटलं, हेही पुरतं खरं असायला हवं. "घेऊ नका म्हटलं असतं. का, ते नसतं सांगितलं."

भाऊंनी मान हलवली. रागावले होते की नाही ते कळत नव्हतं. आजवर ते जाताना "येतो बाई, पुढल्या रविवारी" म्हणायचे. आज नुसतं "येतो" म्हणाले. संजीवनीताई तेवढंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी जाता जाता जूनपासून भिंतीवर असलेला तक्ता बघितला, बोटाने एक चिकटपट्टी उचकटली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, तशीच परत दाबून बसवली. ते बघणं नम्रताला सगळ्यात कठीण गेलं.

लहानी बसूनच होती. धसईची गाडी साडेबाराला, अजून वेळ होता. नम्रता तिच्या बाकाजवळ गेली, पण बसली नाही.

"लहानी, तुझी माफी मागायची आहे मला."

"आमी सर्वे करतो ना बाई," लहानी म्हणाली, जणू ऐकलंच नव्हतं, "तवा वरच्या मॅडम बोलतात, आकडा जास्ती आला तं कमी कर, कमी आला तं जास्ती कर. आमच्या वाडीत कमी वजनाची पोरं किती ते मी लिवते, वर गेल्यावर ती कमी व्हतात. पोरं तीच. मला वाटलं, इथं तसं नसंल. इथं तुमी हाव."

नम्रताने भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं.

"त्या दिशी आदेश बोलला, सगळी हसली. तुमाला ठाव व्हतं, मला बरोबर दिसलं ते."

"हो."

"मंग का नाय बोललात?"

नम्रताकडे याला कारण होतं, खरं तर दोन-तीन होती, आणि सगळी तिने शुक्रवारच्या रात्रीपासून पारखून ठेवली होती. त्यातलं एकही या बाकासमोर उभं करण्याजोगं नव्हतं. "बोलले असते तर रकाना परत लावावा लागला असता," ती म्हणाली.

लहानीने हे ऐकून घेतलं. नीट लिहून घ्यावं तसं ऐकून घेतलं. मग तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि झाकण फिरवून घट्ट केलं.

"मी म्हातारीला विचारलंवतं," ती म्हणाली. "सासूला. बोल्ले, माज्या डोळ्यांत कायतरी झालंय का बघा. ती बोलली, सुईत दोरा ओव. मी ओवला. तरी मला वाटायचं, जवळचं दिसत असंल, लांबचं नसंल दिसत. सिविलला जाऊन डोळं तपासून आले मी, बाई. उल्हासनगरला. दोन दिवसांचं काम बुडवून. डाक्टर बोलला, कायपन नाय. तरी मला खरं नाय वाटलं."

खाली रस्त्यावर जीपवाला "कल्याण, कल्याण" ओरडत होता. नम्रताला वाटलं, आपण आता रडलो तर ही उठून आपल्यालाच पाणी देईल, आणि तेवढं तरी तिच्याकडून घ्यायचं नाही. ती रडली नाही.

"सगळ्यांसमोर सांगितलं मी," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला ते शब्द परत घ्यावेसे वाटले.

"हां. सांगितलात." लहानी उठली. पदर खोचला, पिशवी खांद्याला लावली. टेबलावरच्या गठ्ठ्यातून तिने आपले दोन कागद वेगळे काढले. "हे मी नेते. चालंल ना?"

"तुझेच आहेत."

लहानीने ते घडी न घालता वहीत ठेवले, कोपरे दुमडू नयेत म्हणून वही पिशवीत उभी सरकवली, आणि जिन्याकडे वळली.

"पुढच्या रविवारी येशील?" नम्रताने विचारलं.

"पुढच्या रविवारी पोलिओ हाय," लहानी म्हणाली. "सकाळी आठपासून बूथ."

ते खरंच होतं. बाजारपेठेत बॅनर लागले होते, नम्रताने येतानाच वाचले होते. जिन्यावर लहानीच्या चपलांचा आवाज खालपर्यंत गेला, मग दुकानदाराशी ती काहीतरी बोलली, मग रस्त्यात मिसळली. त्याच्या पुढच्या रविवारचं विचारायला नम्रता जिन्याच्या तोंडाशी आली होती. तिने विचारलं नाही.